कोपराला हात लावायचा नाही

पेन धरायला अंगठा लागतो आणि माझे दोन्ही अंगठे माझ्याआधीच सेवानिवृत्त झालेत. त्यामुळे हे लिखाण तुकड्यातुकड्यानं झालं आहे. अर्धं पान लिहायचं, हात कोमट पाण्यात बुडवून बसायचं, मग पुढचं अर्धं. संपादकांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, मालिश करणाऱ्या बाईच्या आठवणींत वाचण्यासारखं काय असणार? ते म्हणाले, बायका तुमच्यापुढे मोकळ्या होत असतील, त्यातलंच काहीतरी लिहा. होतात ना मोकळ्या. पालथी झोपलेली बाई जे बोलते ते ती समोरासमोर बसून कधी बोलणार नाही. पण ते मी लिहिणार नाही. माझ्या भरवशावर बोललेलं दिवाळी अंकात छापायला मी काही एवढी हलकी नाही.

मला लिहायचंय ते शिकण्याबद्दल. धंद्यात पडून बरीच वर्षं झाल्यावर मी पुन्हा शाळेत बसल्यासारखी शिकायला बसले, आणि त्या शिकण्यानं मला शहाणं केलं की नुसतंच दमवलं, हे अजून ठरायचंय. त्यापायी एका पोरीचं कोपर आणि माझ्या सासूबाईंचं नाव, दोन्ही एकदमच पणाला लागलं होतं. ती गोष्ट सांगते. पण आधी धंदा थोडा समजून घ्या.

लोकांना वाटतं मालिश म्हणजे ताकद. हातानं दाबणारी मालिशवाली चार वर्षांत घरी बसते. दाबायचं असतं कमरेनं. पाय अंतरावर रोवायचे, अंगाचा भार पुढे सोडायचा, हात नुसता वाटेतला. तळहाताचा मनगटाजवळचा जाड भाग पाठीसाठी, बोटांची टोकं मानेसाठी आणि अंगठा शक्यतो नाहीच. हे शेवटचं मला फार उशिरा कळलं, तोवर अंगठ्यांची मुळं झिजली होती. तेल कोमट करायचं ते वाटी गरम पाण्यात ठेवून, विस्तवावर नाही. आणि गिऱ्हाइकाच्या अंगाला एकदा हात लावला की तो अचानक उचलायचा नाही, माणूस दचकतं. एवढं कळलं की कोणालाही बऱ्यापैकी मालिश करता येतं. कठीण आहे ते पुढचं. कुठे हात लावायचा नाही, हे कळणं.

माझ्या सासूबाईंना सगळं जुनं पनवेल काकी म्हणायचं. सासरे लवकर गेले आणि घर काकींच्या हातांवर चाललं. बाळंतिणी, तान्ही बाळं, लचक, मुरगळा, धरलेली मान. करंज्याहून कोळणी यायच्या, डोक्यावरची टोपली पडवीत उतरवायच्या आणि न बोलता मान पुढे करायच्या. काकी मानेवर हात ठेवायच्या, क्षणभर डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, होईल. किंवा म्हणायच्या, हे माझ्याकडचं नाही, डॉक्टरकडे जा. बहुतेक वेळा त्यांचं खरं ठरायचं. निदान आम्हांला तसं वाटायचं, कारण ज्यांना गुण आला नाही त्या परत यायच्याच नाहीत आणि त्यांची आठवण कोण ठेवतो.

लग्नानंतर वर्ष-दोन वर्षांत त्यांनी मला हाताखाली घेतलं. शिकवणं म्हणजे काय, तर माझा हात गिऱ्हाइकाच्या पाठीवर आणि त्यांचा हात माझ्या हातावर. तो जाईल तिकडे मी जायचं. तोंडानं एक अक्षर नाही. मी एकदा विचारलं, आई, इथे थांबायचं का? तर म्हणाल्या, 'का'ला तेल चोपडून पाठ मोकळी होत नाही. त्यानंतर मी का विचारलं नाही. तशी मी भित्रीच. भाजीत मीठ जास्त झालं तरी गुमान खाणाऱ्यांतली.

अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदच्या सुमारास नवीन पनवेलला इमारती उठायला लागल्या. मुंबई-पुण्याची नोकरदार कुटुंबं राहायला आली आणि त्यांच्या बरोबर त्यांच्या पाठी आल्या, खुर्चीत बसून बसून आखडलेल्या. त्याच सुमारास एक फिजिओथेरपिस्ट मॅडम आल्या. दोन खोल्यांचं क्लिनिक काढलं आणि मालिशसाठी हाताखाली बाई हवी म्हणून मला विचारलं. पुरुषांसाठी त्यांनी कादरचाचांना घेतलं. कादरचाचा मोहल्ल्यातले, जुन्या तालमीतले, नस बसवण्यात नावाजलेले. पळस्प्याच्या नाक्यावरून ट्रक ड्रायव्हर खास त्यांच्याकडे यायचे. त्यातला एक तर पालथा पडूनही दर थोड्या वेळानं मान वर करून खिडकीतून आपला ट्रक जागेवर आहे ना ते बघायचा, आणि वर तक्रार करायचा की मान सुटत नाही.

मॅडम वयानं माझ्याहून लहान होत्या. त्यांना एकच वाईट खोड होती. आपण काहीही सांगितलं की विचारायच्या, "कशावरून?" मी म्हटलं, पोट बसवायला बाळंतिणीला असं चोळतात, तर, कशावरून? कादरचाचा म्हणाले, थंडीत तिळाचं तेल आणि उन्हाळ्यात खोबरेल, तर, कशावरून? सुरुवातीला वाटलं, आमची परीक्षा घेतायत. मग कळलं, त्यांना खरोखरच उत्तर हवं असतं आणि ते त्यांच्याकडेही नसतं.

त्यातून शनिवारचा वर्ग निघाला. दुपारी गिऱ्हाईक नसायचं तेव्हा मॅडम, कादरचाचा आणि मी बसायचो. मॅडम मुंबईच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयातून परदेशी मासिकांतल्या लेखांच्या झेरॉक्स आणायच्या आणि मराठीत करून सांगायच्या. नियम असा की प्रत्येकानं आपल्याला अगदी पक्की ठाऊक असलेली एक गोष्ट सांगायची आणि पुढच्या वेळी मॅडमनी त्यावर कोणी काही पाहिलंय का ते शोधून आणायचं. बहुतेक वेळा उत्तर यायचं, यावर कोणी नीट पाहिलेलंच नाही. कादरचाचा वैतागायचे. म्हणायचे, एवढी मोठी विलायत, एवढी शिकलेली माणसं, आणि कोणी पाहिलं नाही? मग करतात काय तिकडे दिवसभर?

एकदा चाचांच्या तेलावरून वाद झाला. ते त्यांच्या वडिलांपासून आलेलं, सतरा पाल्यांचं, मोहल्ल्यात त्याची ख्याती. मॅडम म्हणाल्या, आपणच पाहू या. सारख्या दोन बाटल्या घेतल्या. एकीत चाचांचं तेल, एकीत साधं खोबरेल, आणि वासावरून ओळखू येऊ नये म्हणून दोन्हींत कापूर. कुठली कुठली ते फक्त मॅडमना माहीत. काही आठवडे आम्ही तसं मालिश केलं आणि कसं वाटलं ते मॅडमच्या बहिणीनं येऊन लोकांना विचारलं. फरक काही निघाला नाही. दोन्ही तेलांची सारखीच तारीफ. चाचा बराच वेळ दाढी कुरवाळत बसले आणि मग म्हणाले, "म्हणजे खोबरेलातपण शिफा आहे, गुण आहे." मॅडम हसल्या, पण लगेच म्हणाल्या, एवढ्या थोड्या माणसांवरून तसंही म्हणता येणार नाही. झालं. म्हणजे फरक आहे असंही नाही आणि नाही असंही नाही.

हे ऐकायला मजेचं वाटतं. पण रोज या हातांनी पोट भरायचं असतं तेव्हा मजा वाटत नाही. पूर्वी एखादी बाई आठ दिवसांनी येऊन म्हणायची, तुमच्या हातानं पाठ दुखायची राहिली, की माझा जीव सुपाएवढा व्हायचा. शनिवारचा वर्ग सुरू झाल्यापासून तसं कोणी म्हटलं की मनात येई, माझ्या हातानं की आठ दिवसांनी? पाठ बऱ्याचदा आपली आपणच राहते. मग मी कोण? असं मनात घेऊन पुढच्या पाठीवर हात ठेवायचा, आणि त्या हातात जोर तर तेवढाच हवा.

गिऱ्हाइकं तुटली ती वेगळीच. नवीन पनवेलच्या एक बँकेतल्या बाई होत्या, त्यांना डोळ्यांत पाणी आल्याशिवाय मालिश झालंसं वाटायचं नाही. जास्त दुखलं म्हणजे जास्त गुण आला असं नसतं, हे वर्गात कळल्यावर मी भार कमी केला. त्यांना समजावूनही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पैसे दिले आणि पुन्हा आल्या नाहीत. नंतर कळलं की त्या एका बाईकडे जातात जी पाठीवर पाय देऊन उभी राहते आणि त्यांना फार बरं वाटतं.

घरी मी यातलं थोडंथोडं सासूबाईंना सांगायची. भाकऱ्या थापताना, पाठमोरी राहून, म्हणजे तोंड दिसायला नको. त्या ऐकायच्या. कधी हं म्हणायच्या, कधी तेही नाही. तेलाची गोष्ट सांगितली तेव्हा मात्र हसल्या. म्हणाल्या, कादरभाईची चांगली जिरवली तुझ्या मॅडमनी.

मग कोपराचा शनिवार आला. मॅडमनी सांगितलं की कोपराला मार लागला, हाड मोडलं, आणि प्लास्टर काढल्यावर हात आखडलेला असला तर त्याला चोळायचं नाही, ओढायचं नाही, वजन लावायचं नाही. ही तर डॉक्टरांच्या पुस्तकांत जुनीच, पक्की गोष्ट आहे. कोपराच्या पुढच्या मांसात मारानं रक्त साकळलेलं असतं. ते रगडत राहिलं, हात हिसकून सरळ करायला गेलं, तर तिथे मांसातच नवं हाड धरू शकतं. मग कोपर कायमचं अडकतं. हात माणसानं स्वतःच वाकवायचा, दुखेल तिथे थांबायचं, आणि वाट बघायची.

आता आमच्याकडे काय करतात ते तुम्हांला ठाऊक असेल. प्लास्टर निघालं रे निघालं की गरम तेलानं कोपर रगडायचं आणि हातात रेतीची बादली देऊन पोराला अंगणात फेऱ्या मारायला लावायच्या. पोर रडलं तर म्हणायचं, रड, पण चाल. प्रेमानंच करतात. हात लवकर सुटावा म्हणून करतात. आणि करायला तेल घेऊन बसणार आम्हीच.

कादरचाचांनी त्या दिवशी वाद घातला नाही. विलायतेला नावं ठेवली नाहीत. चहा तसाच ठेवून निघताना दारात थांबून म्हणाले, "मॅडम, मग ज्या मुलांचे हात अडकले, ती?" मॅडम म्हणाल्या, प्रत्येकाचं कशानं झालं ते आता कोणालाच सांगता येणार नाही. चाचांनी मान हलवली. पुढच्या शनिवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या शनिवारी आले आणि नेहमीच्या जागी बसले, आम्ही कोणी विषय काढला नाही.

हे मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा भाकरी तव्यावर होती. वळून बघितलं, तर त्या आपल्या पंजांकडे बघत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे मी पोरांचे हात बिघडवले म्हण की." मी म्हटलं, तसं नाही आई. त्या उठून पडवीत गेल्या. त्या दिवसापासून मी घरात वर्गाचं काही सांगेनाशी झाले.

फार दिवस गेले नाहीत तोच मंदा आली. विचुंब्याची पोर, दहा-अकरा वर्षांची. गावाला लागून नवी इमारत उभी राहत होती, तिच्या कठडा नसलेल्या जिन्यावर खेळताना पडली. डॉक्टरांनी हाड व्यवस्थित जुळवलं होतं, प्लास्टर निघालं होतं, पण उजवा हात काटकोनात राहिला तो राहिला. सरळ होईना आणि वरही जाईना. जेवताना तिला तोंडच घासापाशी न्यावं लागायचं. घरच्यांनी रेतीची बादली दिली होती, काकानं दोन-तीन दिवस रगडलंही होतं, तर कोपर सुजून गरम झालं. तेव्हा तिची आजी, हिराआजी, तिला घेऊन काकींकडे आली. त्या घरातली सगळी बाळं काकींच्या हाताखालून गेलेली, मंदासुद्धा.

मी क्लिनिकमधून घरी पोचले तेव्हा पडवीत चटई टाकलेली होती, वाटी गरम पाण्यात होती आणि सासूबाईंनी पदर खोचला होता. हिराआजी सांगत होती, काकी, पोरीचा हात मोकला करून द्या, तुमच्याबिगर कुनाकडं नेनार नाय. सासूबाईंनी पोरीचा हात मांडीवर घेतला आणि बोटं तेलात बुडवली.

"आई, कोपराला हात लावू नका," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच परका वाटला. सासूबाईंची बोटं तेलात तशीच राहिली. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी पुढे म्हणाले, खांदा करा, पंजा करा, पण कोपराला नको, चोळलं तर आतून आणखी धरेल. माझे पाय इतके लटपटत होते की मी दाराची चौकट धरली. परक्यांसमोर, त्यांच्याच पडवीत, त्यांच्याच कामात सुनेनं बोलायचं, हे आमच्या घरात कधी झालं नव्हतं.

"आमी काकीच्या भरोशावर आलोय," हिराआजी म्हणाली, "सुनेच्या नाय."

सासूबाईंनी तेल घेतलं आणि मंदाच्या खांद्यापासून सुरुवात केली. हात खाली येत गेला, सावकाश, नेहमीच्या लयीत. दंडावरून उतरला, कोपराच्या वर आला आणि थांबला. मग त्यांनी तो अलगद उचलला, मनगटावर ठेवला आणि तळव्याकडे उतरल्या. एकेक बोट केलं. पुन्हा खांदा. पुन्हा कोपराच्या वर येऊन थांबल्या. हिराआजी गावच्या गोष्टी सांगण्यात गुंतली होती, तिला काही उमगलं नाही. पोरीला उमगलं.

"आजी, मधी ऱ्हायलं," ती म्हणाली.

"मधलं तुझं," सासूबाई म्हणाल्या. "ते तू वाकवायचं. दुखलं की थांबायचं. उद्या या."

मग रोजचं तेच. आजी-नात यायच्या, वाटी गरम पाण्यात जायची, खांदा व्हायचा, पंजा व्हायचा, मधल्या जागेला कोणी हात लावायचं नाही. मंदानं आपला आपण हात वाकवायचा, तोंड कसनुसं झालं की थांबायचं. सासूबाई समोर बसून बघायच्या. रेतीची बादली त्यांनी हिराआजीकडून मागवून आमच्या न्हाणीत ठेवली, म्हणाल्या, मला पाहिजे होती एक. माझ्याशी मात्र कामापुरतं बोलायच्या. मीठ दे, दार लाव, एवढंच.

मी मॅडमकडे गेले आणि विचारलं, ही पोर बरी होईल ना, नक्की? मॅडम नेहमीसारख्याच खरं बोलल्या. म्हणाल्या, "नक्की नाही सांगता येणार. ज्यांच्यावर जबरदस्ती होत नाही त्यांचे हात सुटण्याची शक्यता जास्त, आणि मुलांचे सुटतातही. पण ही एक मुलगी त्यात कुठे बसेल, ते कुठल्याच कागदात नाही."

मी त्या दिवशी त्यांच्यावर मनातून फार रागावले. म्हणजे आम्ही इतके शनिवार झेरॉक्स वाचत बसलो ते कशासाठी? पुष्कळांचं काय होतं ते कागद सांगतात आणि आपल्या चटईवर तर एकच पोर असते. ही अडचण मला अजून सुटलेली नाही. ज्यांना सुटलीय असं वाटतं, त्यांनी एकदा एखाद्या पोरीच्या आजीसमोर बसून बघावं.

आठवडे गेले. हात थोडा हलायला लागला होता, पण ते आम्हांला दिसायचं, घरच्यांना नाही. त्यांना सरळ हात पाहिजे होता. एके दिवशी हिराआजीबरोबर मंदाचा काका आला. त्याला पेणकडच्या कोणा माणसाचं नाव कळलं होतं, जो एका झटक्यात हात खोलतो. टेम्पो ठरला होता. काकींच्या कानावर घालावं म्हणून आले होते. मंदा आजीच्या मागे उभी होती आणि दुखरा हात तिनं चांगल्या हातानं पोटाशी धरला होता.

मला वाटलं, आता सासूबाई माझ्याकडे बोट दाखवतील. दाखवलं असतं तर चूक नव्हती. त्यांनी हिराआजीला बाकावर बसवलं आणि म्हणाल्या, "न्यायची तर न्या, पोर तुमची आहे. पण ही जन्मली तेव्हा पहिलं तेल मी लावलंय. हिचा हात वाकडा राहिला तर काकीनं बिघडवला म्हणून गावभर सांगा. मी नाही म्हणणार नाही. पण तिला झटका देऊ देऊ नका."

काका काहीतरी बोलायला गेला. हिराआजीनं त्याला हातानंच थांबवलं आणि सासूबाईंच्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुमचा सबूद हाय म्हनून थांबतो, काकी." टेम्पो रद्द झाला.

त्या वेळी मी आत गेले आणि काहीच काम नसताना डबे पुसत बसले. या बाईनं उभ्या जन्माचं नाव एका वाक्यात पणाला लावलं होतं. तेही तिला न पटलेल्या गोष्टीवर, आणि ती गोष्ट तिच्या घरात आणलेली मी. आणि नक्की काय होईल ते मला ठाऊक नव्हतं, मॅडमना ठाऊक नव्हतं, आणि मॅडमच्या मासिकांनाही नाही.

दसऱ्याच्या सुमारास मंदाचा हात तोंडाशी पोचला. ती आमच्याकडे बसून केळं खाऊन गेली, मुद्दाम उजव्या हातानं. शिमग्यापर्यंत ती आपली वेणी आपण घालायला लागली. सूज कधीच गेली होती, दुखणं गेलं होतं. मॅडमनी तपासलं आणि खूश झाल्या. पण हात पूर्ण सरळ झाला नाही. थोडा वाक राहिला. विहिरीवर हंडा धरताना, पुढे करून बांगड्या भरताना तो दिसायचा.

आणि हिराआजीनं सांगितलं. रागानं नाही, दुःखानंच सांगितलं असेल. काकींचा हात आता पूर्वीचा राहिला नाही. पूर्वीची काकी असती तर पोरीचा हात सुतासारखा सरळ झाला असता. विचुंब्यात झालं, मग आसपासच्या पाड्यांत गेलं, बाजारच्या दिवशी पनवेलमध्ये आलं. अशा गोष्टीला पाय फार लवकर फुटतात. बाळंतिणींची बोलावणी कमी झाली. करंज्याच्या कोळणी येत राहिल्या, पण त्यांनाही वाटेत कोणीतरी सांगायचंच. मी चिडून म्हटलं, आपण सांगू या ना लोकांना खरं काय ते. सासूबाई म्हणाल्या, मीच सांगा म्हटलं होतं, आता सांगतायत.

खरं काय ते सांगायचं तरी कसं? रगडून अडकलेला हात दाखवता येतो. न रगडल्यामुळे जो अडकला नाही तो कसा दाखवणार? तो तर साधा हात दिसतो, थोडा वाकडा. आमच्या धंद्यात न झालेल्या नुकसानीला कोणी मानाचा नारळ देत नाही. एकट्या कादरचाचांना ते कळलं होतं. त्यांच्याकडे कोपर घेऊन पोर आलं की ते आमच्याकडे पाठवायचे आणि सांगायचे, काकींकडे जा, त्या हात लावत नाहीत. ही शिफारस ऐकून निम्मी माणसं वाटेतूनच परत जात असणार.

शनिवारचा वर्ग पुढे बरीच वर्षं चालला, नवे लोक आले, मॅडमनी भिंतीवर फळा लावला. मी एकही शनिवार चुकवला नाही. का, ते विचारू नका. एकदा कशावरून हा प्रश्न डोक्यात शिरला की तो भाडेकरूसारखा बाहेर निघत नाही.

मंदाच्या थोरल्या बहिणीचं लग्न झालं, ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. त्या घरात आजवर दुसऱ्या कोणाचा हात गेला नव्हता. आम्ही वाट बघितली. म्हणजे बोललो नाही दोघी, पण सासूबाईंनी बाळंतिणीच्या धुरीसाठी ओवा निवडून ठेवला होता. मग एका दुपारी त्या पडवीत बसल्या असताना दुसरी एक मालिशवाली, आमच्या ओळखीचीच, काखेत गाठोडं घेऊन रस्त्यानं गेली. सासूबाईंनी विचारलं, कुठे? ती जरा घुटमळली आणि म्हणाली, विचुंब्याला. पुढे सांगायची गरज नव्हती.

मी बाहेर आले. इतकी वर्षं मनात होतं ते बोलून टाकलं. म्हटलं, आई, तेव्हा तुम्ही माझं ऐकलं नसतंत तर बरं झालं असतं.

"तुझं कोणी ऐकलं?" त्या म्हणाल्या. "तुझे पाय लटपटत होते दारात. म्हटलं, ही भाजी खारट झालीय म्हणायला घाबरते, आणि आज लोकांसमोर बोलतेय. म्हणजे हिला काहीतरी दिसलंय."

रस्त्यावर गाठोडंवाली वळणापाशी पोचली होती. सासूबाई तिकडेच बघत होत्या.

"मला काही दिसत नव्हतं," त्या म्हणाल्या. "आजही नाही. जन्मभर हात ठेवला की कळायचं, हे होईल, हे नाही होणार. त्या पोरीला रोज तेल लावायची आणि काही म्हणजे काही कळायचं नाही. ती गेली की अंगात त्राण नसायचं माझ्या. नुसतं न कळण्यानं माणूस एवढं दमतं, हे मला ठाऊक नव्हतं." मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "तुझं त्या शनिवारांपासून रोज असंच होतं का गं?"

मी हो म्हटलं.

त्या बाकावर थोड्या सरकल्या. "बस मग," म्हणाल्या.

मी त्यांच्या शेजारी बसले.